लघुग्रह भाकितापेक्षा पुढे-मागे पडतोय? माउंट खोलण्याआधी हे तपासा

पाऊस उघडला, ऑक्टोबरचा उकाडा सरत आला आणि कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, दुर्बिणी लागायला लागल्या की ठरलेला फोन येतो. "काका, लघुग्रह जागेवर नाहीये." कधी देवगडहून, कधी गुहागरहून, कधी दापोलीकडच्या कॉलेजच्या पोरांकडून. फोटो चांगला असतो, तारे गोल असतात, लघुग्रहाचा ठिपकाही स्पष्ट असतो. पण मोजलेलं स्थान आणि भाकीत स्थान यांचा मेळ बसत नाही. मग कुणी माउंटचे, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीचे, स्क्रू ढिले करतं, तर कुणी क्षितिजावर जेमतेम सतरा अंशांवर धुरकटात लपलेला ध्रुवतारा पुन्हा पुन्हा साधत बसतं.

त्याची बहुधा गरज नसते. लघुग्रहाचं स्थान आपण फोटोतल्याच ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतो. माउंटचा नेम थोडा चुकला तर तारे आणि लघुग्रह एकत्रच सरकतात आणि मोजणीला धक्का लागत नाही. पृथ्वीनिकट लघुग्रहाच्या मोजणीत घोळ होतो तो वेळेचा, जागेच्या नोंदीचा नाहीतर शिळ्या कक्षेचा. हे तिन्ही तपासायला एक रुपया लागत नाही.

पुढे सगळीकडे कला आणि विकला येतील. अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला. मंगळ-गुरूमधल्या पट्ट्यातला लघुग्रह मिनिटाला साधारण अर्धी विकला सरकतो. पृथ्वीजवळून जाणारा मिनिटाला ३० किंवा ६० विकला सहज सरकतो, अगदी जवळून जाणारा तर त्याच्या कितीतरी पट. म्हणून पट्ट्यातल्या लघुग्रहांवर हात बसलेल्या माणसाची वर्षानुवर्षं झाकून राहिलेली चूक इथे पहिल्याच रात्री उघडी पडते.

लक्षणं: फरक किती, यापेक्षा कुठल्या दिशेला

फाइंड ऑर्ब, ॲस्ट्रोमेट्रिका, टायको ट्रॅकर या सॉफ्टवेअरपैकी काहीही वापरा, शेवटी हाती येतो तो "निरीक्षण वजा भाकीत" हा फरक. आकडा मोठा दिसला की लोक घाबरतात. पण खरी माहिती दिशेत असते.

फरक लघुग्रहाच्या चालीच्याच रेषेत आहे आणि सगळ्या फोटोंत जवळपास सारखा आहे, तर वेळ चुकली आहे किंवा कक्षाच अजून कच्ची आहे. या दोन्हींची लक्षणं सारखी दिसतात, त्यामुळे त्यांना वेगळं कसं करायचं ते पुढे सविस्तर लिहिलंय.

फरक कलांमध्ये आहे, रात्रभरात हळूहळू बदलतोय आणि लघुग्रह कायम क्षितिजाकडे ओढल्यासारखा खाली दिसतोय, तर भाकीत तुमच्या सड्यासाठी काढलेलं नाही, पृथ्वीच्या केंद्रासाठी काढलेलं आहे.

फरक चालीच्या रेषेला आडवा आहे, तर तारासूची किंवा प्लेट सॉल्व्ह (फोटोतले तारे सूचीशी जुळवणं) तपासा. दिशाच नाही, ठिपके सगळीकडे विखुरलेत, तर फोटोचा दर्जा बघा.

एकच फोटो वेगळा पडतोय? लघुग्रह एखाद्या अंधुक ताऱ्यावरून जात असेल. तो फोटो गाळा आणि विषय संपवा.

आणि फोटोत लघुग्रहच नसेल, तर पहिल्या दोन-तीन तपासण्यांमध्येच उत्तर मिळतं.

भाकीत ताजं आहे का, आणि कुठल्या जागेचं आहे

हे घरी, रेंज असताना करायचं काम. सड्यावर पोचल्यावर मोबाइल हवेत धरून फिरण्यात अर्थ नसतो.

आकाश दाखवणारं स्टेलॅरियम हे सॉफ्टवेअर दिसायला सुंदर आहे, पण त्यातली लघुग्रहांची कक्षा म्हणजे एका तारखेची मूल्यं. तिथून पुढचं गणित जणू फक्त सूर्याचीच ओढ आहे असं धरून होतं. पट्ट्यातल्या लघुग्रहाला ते काही काळ चालतं. पृथ्वीच्या शेजारून जाणाऱ्याला पृथ्वी स्वतः वळवते, त्यामुळे तिथे ते पार फसतं. टोकाचं उदाहरण अपोफिस या लघुग्रहाचं. १३ एप्रिल २०२९ रोजी तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल आणि त्या एका भेटीत त्याची कक्षा एटेन गटातून (पृथ्वीपेक्षा लहान कक्षा) अपोलो गटात (पृथ्वीपेक्षा मोठी कक्षा) जाईल. त्या तारखेआधीची मूल्यं त्यानंतर चालवली तर फोटोत काहीही सापडणार नाही. म्हणून भाकीत जेपीएल या नासाच्या प्रयोगशाळेच्या होरायझन्स सेवेवरून किंवा जगभरातली लघुग्रहांची निरीक्षणं गोळा करणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरवरून त्याच दिवशी काढा. तिथे सगळ्या ग्रहांची ओढ धरलेली असते.

आता जागा. या दोन्ही ठिकाणी निरीक्षणाची जागा भरली नाही तर उत्तर पृथ्वीच्या केंद्रासाठी येतं. त्याचा संकेतांक ५००. तक्त्यात वर कुठे ५०० दिसला तर तिथेच थांबा. लघुग्रह ०.०५ खगोलीय एककावर, म्हणजे सुमारे ७५ लाख किलोमीटरवर असेल, तर केंद्रातून आणि पृष्ठभागावरून बघण्यातला फरक जास्तीत जास्त तीन कलांच्या आसपास जातो. चंद्राच्या अंतरावर तो जवळजवळ एक अंश होतो. याला पराशय म्हणतात. ओळखायची खूण अशी: लघुग्रह पूर्वेला असताना फरक पूर्वेकडे, पश्चिमेला गेला की पश्चिमेकडे, आणि मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) असताना विषुवांशातला, म्हणजे पूर्व-पश्चिम, फरक जवळपास शून्य. रात्रीतून असा उलटणारा फरक दुसऱ्या कशाने सहसा येत नाही.

जागा भरली असेल तरी ती नीट भरली आहे का बघा. दापोलीचा अक्षांश १७ अंश ४५ कलांच्या आसपास. तो दशांशात १७.७५ होतो, पण भरणारा घाईत १७.४५ टाकतो. ही सुमारे ३३ किलोमीटरची चूक झाली. लघुग्रह ७५ लाख किलोमीटरवर असेल तर यातून जेमतेम एक विकला बिघडते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. पुढे कधीतरी दहा लाख किलोमीटरवरून जाणारा येतो आणि तीच चूक सात विकलांची होते. "मागच्या वेळी तर बरोबर येत होतं" असं लोक म्हणतात, ते खरंच असतं. रेखांशाचं चिन्हही बघा. काही सॉफ्टवेअर पश्चिम रेखांश धन धरतात. तिथे ७३ चं चिन्ह उलटलं की तुमची दुर्बीण थेट हैतीच्या दक्षिणेला कॅरिबियन समुद्रात.

उंचीची फार काळजी करू नका. दीडशे मीटरचा सडा शून्य धरला तरी दहा लाख किलोमीटरवरच्या लघुग्रहाला काही फरक पडत नाही.

तिसरी गोष्ट, जी सगळे विसरतात. होरायझन्स भाकितासोबत त्याची अनिश्चितताही देतं, तो रकाना मागून घ्या. नुकताच सापडलेला, दोन-चार दिवसांचीच निरीक्षणं असलेला लघुग्रह असेल तर ती अनिश्चितता कलांमध्ये असू शकते. तुमचा फरक त्या मर्यादेत बसत असेल तर तुमचं काही चुकलेलं नाही. उलट तुमचंच निरीक्षण त्या कक्षेला हवं आहे.

घड्याळ

इथे वेळ काढा. माझ्याकडे येणारी बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात.

सेकंदाला एक विकला सरकणाऱ्या लघुग्रहाची वेळ दोन सेकंद चुकली की स्थान दोन विकला चुकलं. घड्याळ मागे असेल तर लघुग्रह भाकिताच्या पुढे दिसतो, घड्याळ पुढे असेल तर मागे. चालीच्या रेषेतल्या फरकाला वेगाने भागा, किती सेकंदांची चूक आहे ते थेट मिळतं. हा भागाकार आधी करा, कारण आलेला आकडा बरेचदा स्वतःच गुन्हेगाराचं नाव सांगतो.

साडेपाच तास आले, तर भारतीय वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, म्हणून नोंदली गेली. मिनिटाला ३० विकला वेग धरला तर हा पावणेतीन अंशांचा घोळ, म्हणजे लघुग्रह फोटोच्या बाहेरच. बारा मिनिटं आली, तर वेळेच्या फरकाच्या चौकटीत ५.५ ऐवजी ५.३० भरलंय. ही चूक इतकी सरसकट आढळते की मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो. सुमारे ६९ सेकंद आले, तर कुठेतरी यूटीसीच्या जागी कक्षागणितात वापरतात ती टीटी वेळ घेतली आहे. बरोबर १८ सेकंद आले, तर जीपीएसची स्वतःची वेळ तशीच नोंदली गेली. ती यूटीसीच्या १८ सेकंद पुढे असते आणि नुकता चालू केलेला जीपीएस ही दुरुस्ती उपग्रहाकडून मिळेपर्यंत चुकीची वेळ दाखवू शकतो. पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात. तेवढा धीर धरा, तोपर्यंत चहा घ्या.

आणि आकडा एक्सपोजरच्या बरोबर निम्मा आला तर? समजा १६ सेकंदांचं एक्सपोजर, वेग मिनिटाला २४ विकला आणि लघुग्रह ३.२ विकला पुढे. भागाकार आठ सेकंद. कॅमेऱ्याने फिट्स फाइलमध्ये (खगोलीय फोटोंच्या फाइलचा प्रकार) एक्सपोजर सुरू झाल्याची वेळ लिहिली आणि मोजणाऱ्या सॉफ्टवेअरने ती मधली वेळ समजून घेतली. ॲस्ट्रोमेट्रिकामध्ये फाइलमधली वेळ सुरुवातीची, मधली की शेवटची हे सांगायची सोय आहे, ती बदला. खात्री हवी असेल तर त्याच लघुग्रहाचे आठ सेकंदांचे आणि सोळा सेकंदांचे फोटो घ्या. फरक एक्सपोजरबरोबर निम्मा-दुप्पट झाला तर ही सेटिंगची चूक. तसाच राहिला तर घड्याळाची.

आता उरलं नुसतं लॅपटॉपचं घड्याळ. घरी इंटरनेटवर ते जुळतं. सड्यावर रेंज नाही, त्यामुळे तिथे ते मोकाट. दिवसाला एक-दोन सेकंद मागेपुढे होणं अगदी साधं आहे. घड्याळ शेवटचं कधी जुळलं हेच ठाऊक नसेल तर चूक किती साठली असेल सांगता येत नाही. वीज गेली, लॅपटॉप झोपला, पुन्हा जागा झाला, असं झालं असेल तर मोजणीआधी घड्याळ पुन्हा तपासाच. फुकटचा उपाय: मेनबर्गचा एनटीपी किंवा डायमेन्शन ४ हे घड्याळ जुळवणारं सॉफ्टवेअर घालून ठेवा, निघण्याआधी घरी जुळवा आणि सड्यावर निदान एक कोपरा असा शोधून ठेवा जिथे हॉटस्पॉट चालतो. तेही जमत नसेल तर मोबाइलवर जीपीएसची वेळ दाखवणारं ॲप उघडा, तो लॅपटॉपच्या पडद्याशेजारी धरा आणि दोन्ही घड्याळं एका फोटोत घ्या. सेकंदभराची चूक त्यात उघड दिसते.

थोडा खर्च करायची तयारी असेल तर यूएसबीवर चालणारा जीपीएस रिसीव्हर घ्या. फक्त साध्या यूएसबी रिसीव्हरची वेळही सेकंदाच्या काही अंशांनी उशिरा पोचू शकते. अगदी जवळून, अतिवेगाने जाणाऱ्या लघुग्रहासाठी दर सेकंदाला ठोका देणारा, पीपीएस असलेला रिसीव्हर लागतो. बाकीच्यांसाठी साधा पुरतो.

दोन साक्षीदार

घड्याळ जुळवलं, जागा बरोबर, भाकीत ताजं, तरी फरक आहेच. आता त्याच रात्री, त्याच दुर्बिणीने, त्याच सेटिंगवर आणखी दोन वस्तू टिपा.

पहिली: पट्ट्यातला क्रमांक मिळालेला, १४ ते १६ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप) एखादा लघुग्रह. त्याची कक्षा पक्की असते आणि तो इतका सावकाश चालतो की घड्याळ पाच सेकंद चुकलं तरी त्याचं स्थान विकलेच्या विसाव्या भागानेही हलत नाही. तो जागेवर पडला तर तारासूची, प्लेट सॉल्व्ह, भिंग-आरसे सगळे निर्दोष. तोही चुकला तर घड्याळाचा नाद सोडा आणि पुढच्या भागाकडे जा. सेरेस किंवा वेस्टा घेऊ नका. ते इतके तेजस्वी आहेत की कॅमेऱ्यात फुटतात आणि मध्य नीट सापडत नाही.

दुसरी: क्रमांक मिळालेला, पण जोरात सरकणारा दुसरा पृथ्वीनिकट लघुग्रह. त्याचीही कक्षा पक्की, फक्त वेग मोठा. हा जागेवर पडला तर घड्याळ बरोबर आणि तुमच्या मूळ लघुग्रहाची कक्षाच कच्ची. हाही तेवढेच सेकंद पुढे किंवा मागे पडला तर घड्याळ चुकलं आहे, कुणी काहीही म्हणो. एकसारख्या दिसणाऱ्या दोन दोषांना वेगळं करणारी चाचणी हीच. त्या रात्री असा लघुग्रह आकाशात नसेल तर जीपीएसचे उपग्रह टिपतात. ते सेकंदाला सुमारे ३० विकला सरकतात, त्यामुळे सेकंदाच्या दहाव्या भागाची चूकही तीन विकलांची होऊन समोर येते. पण त्याची मोजणी किचकट आहे, पहिल्या वर्षी त्यात पडू नका.

फोटो आणि तारासूची

फरक विखुरलेला असेल तर आधी एक्सपोजर कमी करा. ताऱ्याचा ठिपका साधारण तीन-चार विकलांचा असतो. लघुग्रह सेकंदाला एक विकला सरकत असेल तर तीन-चार सेकंदांपुढे त्याची रेघ होते आणि रेघेचा मध्य कुठे धरायचा यात गफलत होते. लघुग्रह अंधुक असेल तर छोटे फोटो घेऊन त्याच्या चालीप्रमाणे सरकवत एकमेकांवर रचा. रचताना वेग आणि दिशा ताज्या भाकितातूनच भरा आणि वेळ संपूर्ण रचनेच्या मध्याची धरा.

तारासूची गाया या अंतराळ दुर्बिणीची वापरा, डीआर२ किंवा डीआर३ ही आवृत्ती. डीआर३ मधली स्थानं २०१६ सालची आहेत आणि तारेही सरकत असतात, म्हणून सॉफ्टवेअर त्यांची निजगती, म्हणजे ही स्वतःची चाल, धरतंय याची खात्री करा. रेंज नसते म्हणून पूर्वी कधीतरी उतरवून ठेवलेली जुनी सूची वापरणारे बरेच भेटतात. आडव्या फरकाचं मूळ तिथे सापडतं.

क्षितिजापासून ३० अंशांच्या खाली मोजू नका. वातावरणामुळे प्रकाश वाकतो तो सगळ्या ताऱ्यांचा जवळपास सारखाच, म्हणून बराचसा परिणाम आपोआप निघून जातो. पण निळ्या आणि तांबड्या वस्तूंचा प्रकाश वेगवेगळा वाकतो, तो फरक उरतोच. त्यात आपल्याकडे पश्चिमेला समुद्रावरची वाफ आणि दिवे लावून मासेमारी करणाऱ्या बोटींचा उजेड. संध्याकाळी पश्चिमेला खाली असलेला लघुग्रह शक्य असेल तर सोडून द्या आणि वर असेल त्या वेळी पकडा.

दव हा कोकणातला खास त्रास. डिसेंबर-जानेवारीत मध्यरात्रीनंतर भिंगावर कधी ओल धरते ते कळत नाही. तारे फुगत जातात, अंधुक तारे सुटतात आणि फरक रात्र चढेल तसा विखुरत जातो. पहिल्या आणि शेवटच्या फोटोतल्या ताऱ्यांची जाडी ताडून पाहा. दवपट्टी (भिंग कोमट ठेवणारी पट्टी) लावा. फडक्याने पुसू मात्र नका, खाऱ्या वाऱ्याने आलेलं मीठ आणि जांभ्याची धूळ भिंगावर असते आणि पुसताना ओरखडे पडतात.

इथे थांबा

कॅमेऱ्याच्या आतल्या काचेवर ओल किंवा बुरशी दिसली तर तो उघडू नका, दुरुस्तीला द्या. मुख्य आरशाचा मुलामा काळवंडला, सोलवटला, तर तो धुऊन परत येत नाही. नवा मुलामा चढवणाऱ्याकडेच द्यावा लागतो. माउंटच्या सर्किटवर हिरवट पापुद्रा आला असेल तर तो मिठाचा प्रताप, इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला दाखवा. लॅपटॉपला किंवा माउंटला हात लावताना झिणझिण्या येत असतील तर त्याच क्षणी वीज बंद करा आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय पुन्हा लावू नका. मे महिन्यात लांबवर वीज चमकायला लागली की उघड्या सड्यावरून सामान आवरून खाली या, लघुग्रह कितीही दुर्मीळ असो.

दोन्ही साक्षीदार जागेवर पडले आणि तुमचा लघुग्रहच भाकिताच्या अनिश्चिततेबाहेर पडला, तरी तिथेही थांबा. अशा वेळी कुणीतरी हमखास यार्कोव्हस्की परिणामाचं नाव काढतं, म्हणजे उन्हाने तापून उष्णता फेकताना लघुग्रहाला मिळणारा हलकासा रेटा. बेन्नू या लघुग्रहाच्या बाबतीत त्याने कक्षेचा अर्धा दीर्घ अक्ष वर्षाला सुमारे २८४ मीटरने घटतो. सड्यावरच्या एका रात्रीत हे दिसत नाही.

टक्कर होणार की नाही हे तर आपण अजिबात ठरवायचं नाही आणि व्हॉट्सॲपवर तर त्याहून नाही. २०२४ वायआर४ या लघुग्रहाचं उदाहरण आहे. तो २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला सापडला. १८ फेब्रुवारी २०२५ ला २०३२ मधल्या टकरीची शक्यता ३.१ टक्क्यांपर्यंत चढली आणि आणखी निरीक्षणं आल्यावर काही दिवसांतच पृथ्वीपुरती जवळपास शून्यावर आली. ते गणित जेपीएल आणि युरोपीय अंतराळ संस्था सतत करत असतात. त्यांना आपल्याकडून फक्त स्वच्छ स्थानं हवी असतात.

तुमच्याकडे मायनर प्लॅनेट सेंटरने दिलेला वेधशाळेचा संकेतांक असेल तर मोजणी आहे तशी मायनर प्लॅनेट सेंटरला पाठवा, भाकिताशी जुळावी म्हणून दुरुस्त करू नका. संकेतांक नसेल तर संकेतांक असलेल्या एखाद्या निरीक्षकाला दाखवा. त्याला नुसता फरकाचा आकडा पाठवून उपयोग नाही. मूळ फिट्स फाइली, एक्सपोजर, घड्याळ कधी आणि कशाने जुळवलं, अक्षांश-रेखांश दशांशात, वापरलेली तारासूची आणि त्या रात्रीच्या दोन्ही साक्षीदारांचे फोटो, एवढं एका फोल्डरमध्ये द्या.